शिरस्त्राण उतरवताना

इलियडच्या सहाव्या सर्गात हेक्टर रणांगणावरून थोडा वेळ ट्रॉय शहरात येतो. परत निघताना वेशीजवळ त्याची बायको अँड्रोमाखी धावत येऊन भेटते. सोबत दाई आहे आणि दाईच्या कडेवर त्यांचं तान्हं मूल. हेक्टर हात पुढे करतो, तर मूल रडत दाईच्या छातीत तोंड खुपसतं. त्याला बाप ओळखू येत नाही. समोर आहे ते काशाचं शिरस्त्राण आणि त्यावर हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, ते तिथे चकाकत राहतं. मग तो लेकराचा पापा घेतो, त्याला हातांवर झुलवतो आणि देवांकडे मागणं मागतो, की हा बापापेक्षा सवाई निघो. थोड्याच ओळींनंतर तो ते शिरस्त्राण उचलतो आणि लढाईकडे वळतो. बापलेकांची आणखी एखादी भेट होमर आपल्याला दाखवत नाही. हेक्टरसाठी होमर पुन्हा पुन्हा जे विशेषण वापरतो, त्याचा अर्थ साधारण ‘झळकत्या शिरस्त्राणाचा’ असा होतो. साऱ्या जगाने ज्या खुणेवरून हेक्टरला ओळखावं, तिच्यामुळेच त्याच्या पोटच्या पोराला तो ओळखता येत नाही.

आता 1983 सालचा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ हा स्टार वॉर्स चित्रपट घ्या. डार्थ व्हेडर मरणाच्या दारात आहे. तो मुलाला, ल्यूकला, सांगतो की हा मुखवटा काढ, मला तुला माझ्या डोळ्यांनी पाहायचं आहे. मुखवटा काढला तर बाप जगणार नाही, हे मुलाला ठाऊक आहे. तरी तो काढतो. आधी वरचा काळा टोप निघतो, मग समोरचा भाग, आणि आत दिसतो एक फिकट, जखमांचे व्रण असलेला, थकलेला म्हातारा. या पात्राचं शरीर डेव्हिड प्राउझ यांचं, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा आणि शेवटी दिसणारा हा चेहरा सेबॅस्टियन शॉ या वृद्ध ब्रिटिश अभिनेत्याचा. तीन माणसांना मिळून जे रूप तीन चित्रपटांभर उभं करावं लागलं, ते दोन हातांनी काही क्षणांत उतरवलं जातं. होमरच्या काव्यात आणि जॉर्ज ल्यूकस यांच्या चित्रपटांत मला खरं नातं दिसतं ते इथे. युद्ध बापाचा चेहरा मुलापासून झाकून टाकतं आणि तो उघडा पाहण्यासाठी लढाईपेक्षा मोठी छाती लागते, हे दोन्ही कथांना माहीत आहे. वय वाढत जातं तसं हे शिरस्त्राण बदलत जातं. बाळाला त्याची भीती वाटते, पोरसवदा वयात ते आपल्या डोक्यावर यावंसं वाटतं, भर तारुण्यात त्याच्याशी झुंज होते आणि उतारवयात ते स्वतःला काढताही येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी तशी विनवणी करावी लागते.

एरवी या दोन कथाविश्वांची तुलना होते ती साम्यांच्या याद्या करून. ओडिसीत ओडिसियसच्या मुलाला, टेलेमॅकसला, वाट दाखवायला अथीना मेंटॉरचं रूप घेते, इथे ल्यूकचा गुरू ओबी-वान आहे. ओडिसियसच्या वाटेवर खॅरिब्डिसचा भोवरा आहे, इथे वाळवंटात तोंड वासून बसलेला सारलॅक. अशी साम्यं कुठल्याही दोन साहसकथांत सापडतील, त्यांच्यावर फार भार टाकता येत नाही. शिवाय एक आक्षेप तयार असतो: जॉर्ज ल्यूकस यांनी जोसेफ कॅम्पबेल यांचं 1949 सालचं ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ वाचलं होतं, ते ऋण उघड मान्यही केलं होतं. साचा पुस्तकातून आला, मग त्यात पुराणकथा सापडल्या याचं नवल काय? आक्षेप वजनदार आहे आणि वीराच्या प्रवासाचा जो ठोकळ आराखडा आहे त्यापुरता मला तो पटतो. पण मी ज्या दृश्याबद्दल बोलतो आहे ते आराखड्यातून आलेलं नाही. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने 1978 च्या सुरुवातीला लिहिला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ती वारली. त्या खर्ड्यात व्हेडर ल्यूकचा बाप नाही. बाप निराळा आहे आणि आत्म्याच्या रूपात येऊन मुलाशी बोलतो. पुढचा खर्डा ल्यूकस यांनी स्वतः लिहिला, तेव्हा कुठे दोन माणसांचा एक माणूस झाला. मुखवट्याची गोष्ट तर त्याहून साधी आहे. सुरुवातीच्या एका पटकथेत व्हेडरला एका यानातून दुसऱ्या यानात जायचं होतं, मधे निर्वात पोकळी. चित्रकार राल्फ मॅकक्वारी यांना प्रश्न पडला की हा श्वास कसा घेणार, म्हणून त्यांनी चित्रात श्वासाचा मुखवटा काढला. तो कायम राहिला. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वासयंत्रातून घेतलेला श्वास त्याला जोडला. म्हणजे 1977 साली पडद्यावर आलेला मुखवटा व्यवहाराच्या गरजेतून जन्मला होता आणि त्याच्या आत बाप आहे हे त्याच्या निर्मात्यांनाही नंतर उमगलं. झाकलेला चेहरा समोर उभा राहिला की कथा आपसूक विचारते, आत कोण आहे? आणि विचारणारा मुलगा असेल तर उत्तर फार दूर जाऊ शकत नाही. होमरची ओळ कुणी समोर ठेवून गिरवली असती, तर मला या साम्याचं एवढं मोल वाटलं नसतं.

तरुणपणीचा टप्पा दोन्हीकडे सर्वांत अवघड आहे. टेलेमॅकसने बापाचा चेहरा पाहिलेलाच नाही. तो तान्हा असताना ओडिसियस युद्धावर गेला, त्याला वीस वर्षं झाली. आई सांगते म्हणून मी त्याचा मुलगा, मला स्वतःला काय ठाऊक, अशा अर्थाचं तो ओडिसीच्या पहिल्याच सर्गात बोलतो. मग पायलॉसला नेस्टरकडे, स्पार्टाला मेनेलाउसकडे जाऊन इतरांच्या तोंडून बाप गोळा करतो. ल्यूकही तेच करतो. त्याच्या वाट्याला आलेल्या आठवणीत बाप कुशल वैमानिक आहे, जिवलग मित्र आहे आणि व्हेडरच्या हातून मेलेला आहे. आणि खरा बाप समोर येतो तेव्हा दोघंही नाकारतात. सोळाव्या सर्गात, डुकरं राखणाऱ्या युमायसच्या झोपडीत, ओडिसियस आपलं रूप प्रकट करतो तर टेलेमॅकस नजर वळवतो, हा कुणी देव आपल्याला फसवतो आहे म्हणतो. पटल्यावर दोघं गळ्यात पडून रडतात, पिल्लं पळवलेल्या पक्ष्यांपेक्षाही आर्त रडतात असं होमर म्हणतो. ल्यूकच्या नशिबी ते रडणं लगेच येत नाही. त्याच्या आधी त्याला डागोबाहच्या गुहेत जावं लागतं. शस्त्र नको, असं त्याचा गुरू योडा बजावतो, तरी तो घेऊन जातो. धुक्यातून व्हेडर येतो, ल्यूक त्याचं मुंडकं उडवतो, जमिनीवर पडलेल्या मुखवट्याचा पुढचा भाग फुटतो आणि आतून ल्यूकचाच चेहरा त्याच्याकडे पाहतो. हे दृश्य पाहताना मला इलियडचा बाविसावा सर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. ग्रीक वीर अकिलीसने आपलं चिलखत आणि शिरस्त्राण मित्राला, पॅट्रोक्लसला, दिलं होतं. अपोलोच्या तडाख्याने ते शिरस्त्राण घोड्यांच्या टापांखाली घरंगळलं, तुरा रक्ताने आणि धुळीने माखला. हेक्टरने पॅट्रोक्लसला मारून तो साज स्वतः चढवला. त्यामुळे शेवटच्या द्वंद्वात अकिलीससमोर उभा राहतो तो अकिलीसच्याच चिलखतातला माणूस. त्या चिलखतात कुठे फट आहे ते अकिलीस नजरेने शोधतो आणि भाला गळ्यात घुसवतो. वैरी मारताना आपण कुणाच्या आकृतीवर वार करतो आहोत, हे होमर उच्चारत नाही. चित्रपटाने मुखवटा फोडून ते दाखवलं. होमरचा संयम मला जास्त भावतो, पण दोघांनी पाहिलेली गोष्ट एकच आहे.

यावर कुणी म्हणेल, बापलेकांच्या झुंजी कुठे नाहीत? मराठी वाचकाला बभ्रुवाहन आणि अर्जुन ठाऊक आहेत, फिरदौसीच्या शाहनाम्यात रुस्तुम आणि सोहराब आहेत. ग्रीकांकडेही ‘टेलेगोनी’ नावाचं आता हरवलेलं महाकाव्य होतं. सारांशरूपाने उरलेल्या त्या कथेत सर्सीचा मुलगा टेलेगोनस अजाणता आपल्या बापाला, ओडिसियसला, मारतो. खरं आहे, झुंज सगळीकडे आहे. पण रुस्तुमला किंवा टेलेगोनसला ओळख पटते ती घाव घातल्यावर, हात रिकामा झाल्यावर. ल्यूकला घावाच्या आधी सगळं कळलेलं असतं. तो व्हेडरचा हात तोडतो, तुटलेल्या मनगटातून लोंबणाऱ्या तारा पाहतो, मग काळ्या हातमोज्यातल्या स्वतःच्या यांत्रिक हाताकडे पाहतो आणि शस्त्र फेकून देतो. त्या एका नजरेत निर्णय आहे. याचं जोडीदार दृश्य मला बापलेकांच्या झुंजींत सापडत नाही. ते इलियडच्या चोविसाव्या सर्गात, अकिलीसच्या छावणीत सापडतं.

तिकडे जाण्याआधी एक फरक मान्य केला पाहिजे, कारण तो लपवला तर सगळा युक्तिवाद खोटा पडेल. होमरच्या जगात काळी बाजू नावाची गोष्ट नाही. ट्रॉयचे लोक दुष्ट नाहीत, ग्रीक सज्जन नाहीत. इलियडमध्ये माणूस मरतो तेव्हा बहुधा त्याला नाव असतं. चौथ्या सर्गात अजॅक्स सिमोएसियस नावाच्या पोराला मारतो. होमर थांबून सांगतो की याची आई मेंढरं पाहायला आईबापांबरोबर गेली असता सिमोएस नदीच्या काठी हा जन्मला, म्हणून हे नाव. आईबापांचं ऋण फेडायच्या आत तो ओल्या जमिनीवरच्या झाडासारखा कोसळला. पहिल्या तीन स्टार वॉर्स चित्रपटांत पांढऱ्या चिलखतातले सैनिक पटापट पडतात आणि एकाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही. एका बापाच्या मुखवट्यासाठी एवढी करुणा आणि हजारोंच्या शिरस्त्राणांखाली पाहायचंही नाही, ही त्या चित्रपटांची मोठी उणीव आहे आणि तिचं समर्थन मला करायचं नाही. ती भरून काढायचा प्रयत्न 2015 साली झाला. ‘द फोर्स अवेकन्स’च्या आरंभी एक मरणारा सैनिक सोबत्याच्या पांढऱ्या शिरस्त्राणावर रक्ताळलेली बोटं ओढतो, तीन तांबडे ओघळ उमटतात, आणि थोड्या वेळाने तो सोबती शिरस्त्राण काढून धापा टाकत उभा राहतो. त्याला नाव नाही, एफएन-2187 हा आकडा आहे. नाव पुढे मिळतं. अडतीस वर्षांनी का होईना, त्या विश्वाला सिमोएसियस आठवला.

आणि आता ती छावणी. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम मुलाचं प्रेत मागायला रात्री, बरोबर एक गाडीवान आणि वाट दाखवायला हर्मीस, शत्रूच्या गोटात शिरतो. अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली कितीतरी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, म्हणतो. तोही माझ्याच वयाचा आहे. अकिलीस म्हाताऱ्याचा हात हळूच बाजूला सारतो आणि दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी आपल्या बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. मग एकत्र जेवतात, आणि जेवण झाल्यावर एकमेकांकडे नुसते पाहत राहतात. ल्यूक ज्या क्षणी हाताकडे पाहून शस्त्र टाकतो, त्या क्षणाचा हा पूर्वज आहे: समोरच्या वैऱ्यात बाप दिसणं. पण होमर पुढे दिलासा देत नाही. हेक्टरच्या अंत्यविधीसाठी लढाई थांबते, बाराव्या दिवशी गरज पडली तर पुन्हा लढू असं प्रायम स्वतःच सांगतो. अ‍ॅनाकिन म्हणजेच व्हेडर मात्र एका कृतीने तारला जातो, मेल्यावर तेजस्वी रूपात हसत उभा राहतो. एवढी हत्याकांडं एका कृतीत धुतली जातात का, हा प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरी मला वाटतं, ल्यूक क्षमा करत नाही, तो फक्त पाहतो. सरणावर बापाचं चिलखत तो एकटा जाळतो, त्या चितेशी दुसरं कुणी नसतं. अकिलीसनेही अँड्रोमाखीच्या बापाला मारलं होतं, पण त्याचा साज न लुटता त्याला चिलखतासकट जाळलं होतं. अँड्रोमाखी हे वेशीजवळच्या त्याच भेटीत सांगते, मूल रडायच्या थोडं आधी.

चिलखत जाळलं तरी सगळं जळत नाही. 2015 च्या चित्रपटात व्हेडरचा नातू कायलो रेन आजोबाचं वितळलेलं शिरस्त्राण जपून ठेवतो आणि स्वतः मुखवटा घालतो. त्याला श्वासासाठी त्याची गरज नाही. पुलावर त्याचा बाप हान सोलो त्याला मुखवटा काढायला सांगतो. तो काढतो, चेहरा दाखवतो आणि बापाला भोसकतो. मरता मरता हान त्याच्या गालावरून हात फिरवतो. ट्रोजन युद्धाच्या कथाचक्रात अकिलीसचा मुलगा निओप्टोलेमस बाप मेल्यावर ट्रॉयला येतो. बापाचा साज ओडिसियस त्याच्या हवाली करतो. शहर पडल्यावर, एका जुन्या परंपरेप्रमाणे, हा निओप्टोलेमस एका दाईच्या कुशीतून मूल ओढून घेतो आणि त्याला तटावरून खाली फेकतो. ते मूल हेक्टरचं असतं.