साल एकोणचाळीस

छंदाला मोल नसतें असें छंदी माणसें नेहमीं म्हणतात; मात्र तें म्हणतांना त्यांचा एक हात खिशावर असतो. मला जुन्या नाण्यांचा छंद आहे. त्याचा उगम आमच्या भोरच्या घरांतल्या देव्हाऱ्यांत आहे. तेथें टाकांच्या शेजारीं तांब्याची एक शिवराई असे. आजी देवांबरोबर तिलाही चिंचेनें घाशी. त्यामुळें एका अंगाचें 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगाचें 'छत्रपति' हीं अक्षरें इतकीं झिजलीं होतीं कीं, तीं डोळ्यांपेक्षां बोटांनाच अधिक कळत. रायगडापूर्वीं ज्या राजगडावर महाराजांची राजधानी होती, तो आमच्या शेजारच्या वेल्ह्याच्या मुलुखांतला. तेव्हां ती शिवराई म्हणजे घरांतलेंच कोणी वडील माणूस, अशी माझी बालपणीं समजूत होती.

पुढें छंद वाढला आणि मी इंग्रजी अमदानीच्या रुपयांकडे वळलों. पूर्वीं अशीं नाणीं पाहायचीं तर पुण्यास जावें लागे. दुकानदार कपाळाला आठ्या घालून नाणें हातांत देई आणि आपण तें दाराशीं नेऊन उजेडांत फिरवून पाहत असूं. आतां ओटीवर बसल्या बसल्या फोनवर लिलाव पाहतां येतो. सोय मोठी झाली यांत संशय नाहीं. परंतु नाणें हातांतून गेलें आणि त्याचें चित्र तेवढें उरलें.

गेल्या वर्षीं अशाच एका लिलावांत सहाव्या जॉर्ज बादशहाचा 1939 सालचा रुपया आला. ज्या वाचकांना या वेडाची बाधा नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. 1938 चा रुपया सहज मिळतो. 1939 चा अत्यंत दुर्मिळ. दोहोंचें वजन एकच, 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदीही एकच, बारा भागांत अकरा. 1940 पासून ती निम्म्यावर आली. म्हणजे धातु तोच, राजा तोच, आणि केवळ एका अंकानें हजारांची वस्तु लाखांची होते.

विक्रेत्यानें लिहिलें होतें, 'अस्सल, न वापरलेला, टांकसाळींतून आतांच आल्यासारखा.' बोली मात्र खऱ्या किंमतीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही चढली नव्हती. शहाण्यानें येथें थांबून विचारावयास हवें होतें, कीं इतके जाणते लोक गप्प कां? मी मनाशीं म्हणालों, 'इतरांच्या नजरेंतून निसटला!' माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी बोली मीं लावली, आणि ती लागली.

पुडकें आलें तेव्हां पुतण्या घरीं होता. तो म्हणाला, "काका, हा राजा फारच चकचकीत आहे हो!" त्या पोराच्या तोंडून अर्धें सत्य निघालें होतें. नव्या रुपयाची झळाळी जिवंत असते. नाणें तिरपें फिरवावें तसतशी ती चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फिरते. माझ्या रुपयाची चकाकी जागची हलेना. राजाची भुंवई आणि कान झिजून सपाट झाले होते, तरी त्यांवरही तीच चकाकी होती. वापरलेला रुपया कोणीतरी घासून पुसून नवा म्हणून उभा केला होता.

1949 सालीं विल्यम शेल्डन यांनीं अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं सत्तर अंकांची प्रतवारी मांडली. तिच्यांत मूळ हिशेब असा होता कीं, सत्तर गुणांचें नाणें एका गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचें. प्रत आणि पैसा यांची अशी गांठ पडली म्हणजे प्रत चढवून सांगण्याचा मोह कोणाला आवरणार?

तरी साल तर खरें आहे, असें म्हणून मीं मन आवरलें. काट्यावर घातला; वजन अचूक. तें अचूक असणारच होतें, कारण नाणें खोटें नव्हतेंच! भिंग घेऊन अंक पाहिला, तेव्हां उलगडा झाला. मुळांतल्या आठाच्या खालच्या वाटोळ्याचा डावा भाग खरवडून त्याचा नऊ केला होता. तेथली जमीन किंचित् खोल गेली होती आणि तीवर बारीक ओरखडे होते. शेजारच्या तीन अंकांभोंवतीं तसें कांहीं नव्हतें.

विकलेला माल परत घेणार नाहीं, असें विक्रेत्यानें आधींच बारीक अक्षरांत लिहिलें होतें. पुतण्या म्हणाला, "त्यांत काय, काका? आहे तसाच पुन्हां लिलावांत घाला." तो थट्टेनें म्हणाला, मीं तें थट्टेवारी नेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं घरांत कोणी नसतांना मीं रुपया खिडकीपाशीं मांडला आणि त्याचें चित्र काढलें. तिरप्या उन्हांत नवाखालचे ओरखडे स्पष्ट उमटले. मीं खिडकी लोटली, वरचा दिवा लावला, फोन सरळ डोक्यावर धरला. ओरखडे नाहींसे झाले. चित्र पाहिलें आणि अंगावर कांटा आला. ज्या चित्रानें मला फसविलें होतें तेंच हें! कोणी न शिकवितां मला तो कोन आणि तो उजेड सांपडला होता. ज्यानें मला हा रुपया विकला, त्यालाही तो कोणीतरी असाच विकला असेल, हें तेव्हां प्रथमच माझ्या मनांत आलें. मीं चित्र पुसून टाकलें.

तेव्हांपासून मी विक्रेत्यापाशीं तिरप्या उजेडांतलें आणि सालाचें मोठें करून काढलेलें चित्र मागतों. देणारे थोडे, पण न देणारेही कांहीं सांगून जातात. संपूर्ण अक्षरांची शिवराई दिसली तर हर्षाऐवजीं शंका येते. ती हातानें पाडलेली. ठसा बहुधा चकतीहून मोठा असल्यामुळें सगळीं अक्षरें एका नाण्यावर क्वचितच उतरत. झिजलेल्या अंगावर धारदार अक्षरें दिसलीं, तर तीं मागाहून कोरलेलीं असण्याचा संभव अधिक. आमची देव्हाऱ्यांतली शिवराई कोणत्याही प्रतवारींत तळाशींच बसेल. पण तिची झीज आजीच्या हातची आहे, आणि ती कोणी लपविलेली नाहीं.

रुपया मीं एका पाकिटांत घालून वर लिहिलें, 'सहावा जॉर्ज, 1938. साल खरवडून 1939 केलेलें. वापरलेला, घासलेला. विकूं नये.' पुतण्यानें तें वाचून विचारलें, "विकूं नये, हें कोणासाठीं लिहिलें, काका?" माझ्यामागें जो पेटी उघडील त्याच्यासाठीं, असें मीं उत्तर दिलें. तें निम्मेंच खरें होतें.