बंदुकीच्या तोंडातून काय निघतं?

लहान मुलाला खेळण्यातली बंदूक घेऊन द्यावी की नाही, हा प्रश्न दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी निघतो. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्येही निघतो. एकाचं म्हणणं, हातात बंदूक दिली की मूल हिंसक होतं. दुसरे लगेच म्हणतात, आपण सगळे टिकल्यांचं पिस्तूल वाजवतच मोठे झालो, त्यातला दरोडेखोर कोण झाला? चहा संपतो, तास सुरू होतो, प्रश्न तसाच राहतो.

खरं सांगायचं तर बंदूक मुलाला विकत द्यावीच लागत नाही. ते पट्टी उचलतं, लाटणं उचलतं, काहीच नसलं तर बोट रोखून तोंडानं ‘ठो’ करतं. मराठीत बंदूक, कन्नडमध्ये बंदूकु. पण मुलाच्या ‘ठो’ला भाषा लागत नाही. आपल्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मुलं मातीचे किल्ले करतात, बुरुजावर तोफा ठेवतात, मावळे उभे करतात. त्या तोफांमुळे कुणाच्या मनात वैर रुजल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. अशा खेळात मेलेला भिडू लगेच उठून उभा राहतो आणि आईची जेवायला हाक आली की लढाई संपते. खोटं आणि खरं यातला फरक मुलाला बरोबर कळतो.

मग काळजी कशाची करायची? माझ्या मते बंदुकीच्या आकाराची नव्हे, तिच्या तोंडातून काय निघतं याची.

माझी मावसबहीण इंदूरला असते. होळकरांमुळे तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत, त्यामुळे गेल्यावर परकं वाटत नाही. एका रंगपंचमीला मी तिच्याकडे होते. त्या दिवशी तिथं ‘गेर’ निघते, म्हणजे रंगाची मोठी मिरवणूक. सात मजली राजवाड्यासमोर टँकरमधून रंगाचे फवारे उंच उडत होते, गुलालानं आभाळ लाल झालं होतं. गर्दीतल्या कितीतरी मुलांच्या हातात बंदुकीच्याच आकाराच्या पिचकाऱ्या होत्या. बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाकडेही होती. तिची ताकीद दोनच वाक्यांची होती: तोंडावर नेम धरायचा नाही, आणि समोरचा नको म्हणाला की थांबायचं. तो थांबतही होता. दहा उपदेशांनी जे झालं नसतं, ते त्या पिचकारीनं त्याला शिकवलं.

त्याच मध्य प्रदेशात २०२५च्या दिवाळीत ‘कार्बाइड गन’नं केलेला घात सर्वांनी वाचला असेल. प्लास्टिकचा पाइप, कॅल्शियम कार्बाइडचे खडे, थोडं पाणी आणि गॅस पेटवायचा लायटर, एवढंच तिचं भांडवल. किंमत दीड-दोनशे रुपये. हे कार्बाइड आपल्याला अनोळखी नाही. कायद्यानं मनाई असूनही आंबे-केळी पिकवायला ते चोरून वापरलं जातं. त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगवाले वापरतात तोच हा वायू. तो पेटला की मोठा बार होतो. शेतातली माकडं-पाखरं पळवण्याचं हे साधन. ते खेळणं म्हणून हातगाड्यांवर आलं. बार झाला नाही म्हणून मुलं पाइपात डोकावली आणि तेवढ्यात भडका उडाला. शिवाय कार्बाइड आणि पाण्यापासून चुनाही बनतो. डोळ्यात भाजणं आणि चुना, दोन्ही एकदम! बंदीचे आदेश असूनही विक्री चालूच राहिली. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर, इंदूर अशा ठिकाणी मिळून शंभराहून अधिक जण जखमी झाले, त्यांत बहुतेक मुलं. काहींची दृष्टी गेली.

ती बातमी ऐकून आमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, “कण्ण होद्र मत्त बरूदिल्ल.” इंदूरचा राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीन वेळा आगीत सापडला आणि दर वेळी पुन्हा सावरला गेला. लाकूड नवं आणता येतं, गेलेला डोळा कुठून आणायचा?

म्हणून पालकांना माझं सांगणं असं. लुटुपुटूच्या लढाईला नाही म्हणू नका. पाण्याची पिचकारी, आवाजाची बंदूक खुशाल द्या. पण प्लास्टिकच्या गोळ्या मारणारं पिस्तूल जत्रेत कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. टिकल्या वाजवताना मोठं माणूस जवळ असू द्या आणि कानाशी वाजवू देऊ नका. १ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते पाहूनच घ्या. पाइप, खडे आणि लायटर यांची बंदूक दिसली तर मुलाला तर देऊच नका, पण विकणाऱ्यालाही हटका, पोलिसांना कळवा. आणि दुर्दैवानं डोळ्यात काही उडालंच, तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. घरचं औषध घालून बघू, सकाळी जाऊ, असं म्हणत बसू नका.

मुलाचं बोट ‘ठो’ करत तुमच्यावर रोखलं गेलं, तर मात्र छातीवर हात ठेवून जरा पडून दाखवा. त्याचा तेवढाच हट्ट असतो.