राक्षस रबरी, दुःख खरं
'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' हे नाव ऐकून प्रौढ प्रेक्षकाने नाक मुरडावं, यात नवल नाही. 1997 ते 2003 या काळात चाललेल्या या अमेरिकी मालिकेतले राक्षस बरेचदा रबरी मुखवट्यातले वाटतात; पहिला सीझन तर सरळसरळ कच्चा आहे. तरीही भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेली माणसं तिच्यात गुंतली, कारण ती तसा विश्वास मागतच नाही. शाळेत जिची कुणी दखल घेत नाही, ती मुलगी खरोखर अदृश्य होते; जवळीक होताच प्रियकर आत्मा गमावून क्रूर बनतो. हे ओळखीचं वाटायला पिशाच्चं मानावी लागत नाहीत.

मग चमत्कार हवेतच कशाला, साधी कौटुंबिक मालिका का नको, असं कुणी विचारेल. उत्तर 2001 सालच्या 'द बॉडी' या भागात आहे. बफीची आई नैसर्गिक कारणाने मरते. पार्श्वसंगीत नाही, उपयोगी पडेल असा मंत्र नाही, सूड उगवावा असा शत्रूही नाही. जगाचा अंत थोपवणारी मुलगी इथे हतबल होते, आणि आधीच्या तिच्या अचाट ताकदीमुळेच ही हतबलता इतकी बोचते. निव्वळ वास्तववादी मालिकेला हे साधलं नसतं. शंकेखोरांनी खुशाल दुसऱ्या सीझनपासून सुरुवात करावी.