गिअरवरचा अकीक

मागच्या महिन्यात एक काळी-पिवळीवाला माझ्याकडे आला. सेनगावच्या रस्त्यावर त्याची गाडी चालते. टेबलावर ठेवलेला तांबूस अकिकाचा गिअर नॉब त्याने उचलला, तळहातावर दोन-तीनदा फिरवला आणि विचारले, "भाई, याच्यानं ॲक्सिडेंट टळतो म्हणतात. खरं का?"

मी किंमत आठशे सांगितली होती. तो हळूच म्हणाला, "दुवा फुंकून देत असाल तर दीड हजार देतो."

खरे सांगायचे तर मी लगेच 'नाही' म्हणालो नाही. मुलीच्या शाळेची फी भरायची राहिली होती. "बघू, शुक्रवारी या," एवढेच बोललो. तो गेल्यावर बराच वेळ तो नॉब हातात धरून बसलो.

माझा मूळ धंदा फरशी आणि ग्रॅनाइटचा. हिंगोलीत घरोघरी स्वयंपाकाचे ओटे बसवतो. नॉबचा नाद लागला तो अब्बांमुळे. अब्बांनी तीस वर्षे जीप चालवली, बहुतेक काळ हिंगोली ते औंढा नागनाथ. त्यांच्या जीपचा प्लॅस्टिकचा नॉब तडकला होता आणि त्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. एकदा कळमनुरीकडे मामूंच्या शेतात नांगरट चालू असताना मुठीहून मोठी गारगोटी वर आली. वरून ओबडधोबड, पण एका बाजूला टवका उडालेला, आणि आत तांबडे-पांढरे पट्टे. वाटले, अब्बांच्या हाताला हे शोभेल.

आपल्या शेतांत अशा गारगोट्या सापडतात, त्याचे कारण आपल्या काळ्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका थरावर थर बसत गेली. तोच अकीक. काळा दगड झिजून माती होतो, अकीक मात्र तसाच उरतो आणि नांगराला लागतो. पोलादी चाकूचाही त्यावर ओरखडा उठत नाही.

पहिला नॉब मी अंगणात कोरडाच घासला. ग्रॅनाइट कापायची डायमंडची चकती होतीच. आधी चौकोनी ठोकळा कापला, मग कोपरे उडवत गेलो. तासाभरात तुळशीच्या कुंडीपासून अम्मीच्या वाळत घातलेल्या ओढणीपर्यंत सगळे पांढरे झाले. अब्बा बाहेर आले, माझ्या पापण्यांवरची धूळ बघितली आणि मशीनची पिन काढून टाकली. त्या दिवशी मला राग आला होता.

पुढे खंभातबद्दल वाचले तेव्हा राग उतरला. गुजरातेतले खंभात म्हणजे अकिकाच्या कामाचे जुने गाव. रतनपूरच्या खाणींतला दगड तिथे येतो, भाजून लाल केला जातो, मग त्याचे मणी आणि नगीने होतात. रतनपूरच्या टेकडीवर बाबा गोर या सिद्दी अवलियाचा दर्गा आहे आणि अकिकाचे कारागीर त्यांना फार मानतात. पण त्याच कारागिरांच्या घरांत सिलिकोसिस आहे. घासताना उडणारी सिलिकेची धूळ इतकी बारीक असते की नाकातले केस तिला अडवू शकत नाहीत. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. त्यावर इलाज नाही, वर टीबीही लवकर गाठतो. बोटातली अंगठी बघताना तिच्यामागचा खोकला आपल्याला ऐकू येत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे पाण्याखेरीज काम होत नाही. वरून बारीक धार सोडलेली असते, तोंडाला चांगला मास्क असतो, आणि खाली साचलेला गाळ वाळायच्या आत भरून टाकतो. दगड गोल झाला की आधी ऐंशी नंबरने घासायचा, मग दोनशे वीस, चारशे, आठशे, बाराशे. प्रत्येक नंबरनंतर दगड आणि हात दोन्ही धुवायचे. मागच्या नंबरचा एक कण राहिला तरी पुढची सगळी मेहनत ओरखड्यात जाते. शेवटी नमद्यावर सेरियम ऑक्साइड लावून चमक काढायची.

सगळ्यात अवघड काम भोकाचे. पाण्यात बुडवून पोकळ डायमंड बिटने थांबत थांबत जावे लागते. घाई केली की दगड तडकतो. माझे पहिले तीन असेच गेले. भोकात आतून आटे पाडलेली पितळी बुश दोन ट्यूबवाल्या गोंदाने चिकटवायची. दगडातच आटे पाडले तर ते टिकत नाहीत. प्रत्येक गाडीचे आटे वेगळे, म्हणून जुना नॉब मागवून घेतो. पंचेचाळीस मिलिमीटरचा गोळा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. या वजनामुळे गिअर टाकताना दांडा थोड्या धक्क्यात सरकतो. हा फायदा खरा आहे. तोटाही खरा आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतला नॉब हाताला चटका देतो. म्हणून सोबत कापडी टोपी शिवून देतो.

हे सगळे मी गिऱ्हाइकाला सांगू शकतो. पण अपघात टळतो, हे कशाच्या जोरावर सांगू?

पैगंबर (स.) यांच्या चांदीच्या अंगठीत हबशी खडा होता, असे हदीसमध्ये येते. पण अकीक घातल्याने अमुक होते, तमुक टळते असे सांगणाऱ्या बऱ्याच रिवायती हदीसच्या जाणकारांनी कमकुवत ठरवल्या आहेत. आणि हजरत उमर (रजि.) तर हजरे असवदचे चुंबन घेताना म्हणाले होते की तू एक दगड आहेस, ना नफा देऊ शकतोस ना नुकसान, पैगंबरांना चुंबन घेताना पाहिले म्हणून मी घेतो. काब्यातल्या दगडाबद्दल जर हे, तर कळमनुरीच्या शेतातल्या गारगोटीवर मी फुंकर मारून सातशे रुपये जास्त घ्यायचे?

रात्री इशाच्या नमाजनंतर अब्बांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "पत्थर को क्या मालूम रे, सामने से ट्रक आरा?"

मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी त्यांच्या एका जोडीदाराची आठवण काढली. त्याच्या आरशाला तावीज होते, काचेवर आयत होती. पाऊस लागला आणि मागचे टायर फुटले. अब्बांनी त्याच्या जनाज्याला खांदा दिला होता. तावीजबद्दल ते वाईट काहीच बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "टायर गुळगुळीत गोट्यासारखं झालं होतं. मी त्याला दोनदा बोललो होतो. तिसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं."

शुक्रवारी तो काळी-पिवळीवाला आला. मी म्हणालो, "किंमत आठशेच. दुवा तुमच्यासाठी करीन, पण तिचे पैसे घेत नाही. आणि या दगडानं अपघात टळत नाही." त्याचा चेहरा उतरला. "मग काय उपयोग?" म्हणून तो निघून गेला. फी मी उसनवारी करून भरली.

आठ दिवसांनी तो परत आला. प्लॅस्टिकचा नॉब हातातच निघाला होता. मी त्याच्या जीपमध्ये बसून अकीक बसवला, चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघितले. उतरताना मागच्या टायरवरून हात फिरवला. नक्षी जवळजवळ गेली होती.

"दीड हजार द्यायला तयार होता ना?" मी म्हणालो. "राहिलेले सातशे या टायरसाठी बाजूला काढा."

त्याने "बघतो" म्हटले. तो सेनगावच्या रस्त्यावरून रोज जातो. दिसला की मी त्याला टायरबद्दल विचारतो. आतापर्यंत दोनदा विचारून झाले आहे.