तंजावर, तरंगंबाडी आणि पाच हजार रुपये

हॉस्टेलवर ट्रिप ठरवणं हा सिलॅबसमध्ये नसलेला, पण इंजिनिअरिंगमधला सगळ्यात अवघड विषय आहे. त्याला ना गाईड, ना मागच्या वर्षांचे पेपर. आणि पास व्हायचं तर चौघींनी एकदम व्हायचं!

तर मंडळी, आम्ही चौघी. टी. ई. सिव्हिल. पुढच्या वर्षी कॅम्पस, मग कोण कुठे फेकली जाणार देव जाणे. म्हणून या वर्षी एक मोठी ट्रिप करायचीच असं ठरलं. एवढं एकमताने ठरलं आणि तिथेच एकमत संपलं. मला जुनं शहर हवं होतं. नाशिकच्या मैत्रिणीला फोटो चांगले येतील असं काहीही. कोल्हापूरकरणीचा प्रश्न एकच, "तिथं खायला काय मिळतं?" चौथी बुलढाण्याची. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी अजून समुद्र पाहिलेला नाही."

आम्ही तिघी तिच्याकडे बघतच राहिलो. वीस वर्षांची मुलगी, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये वर्गात पहिली, आणि समुद्र पाहिलेला नाही! पण बुलढाण्याहून समुद्र किती लांब आहे हे आम्ही तरी कधी मोजलं होतं? त्यामुळे समुद्र नक्की झाला. तिने लगेच दुसरंही सांगून टाकलं, "पाच हजारांच्या वर मला जमणार नाही. आणि माझे पैसे कोणी भरायचे नाहीत." या वर्षी तिच्या घरचं सोयाबीन पावसात गेलं. हे तिने सांगितलं नाही, आम्हाला माहीत होतं. म्हणजे आमच्या डिझाइन प्रॉब्लेमचे गिव्हन्स तयार झाले : एक जुनं शहर, एक समुद्र, माणशी पाच हजार.

सगळ्यांच्या तोंडी अर्थातच गोवा. मी तंजावर म्हटल्यावर नाशिककरणीने "ते कुठे आलं?" असं विचारलं. मला ते नाव आजोबांमुळे माहीत. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे माझं मराठी म्हणजे वर्गातला हक्काचा विनोद. (हा लेख वाचून हसणाऱ्यांनी हसून घ्यावं!) आजोबा मला चिडवायचे, की तुझ्यापेक्षा तंजावरचे लोक बरं मराठी बोलतात. तो टोमणा होता, पण त्यात तथ्य निघालं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि पुढे पावणेदोनशे-एक वर्षं तिथे भोसल्यांची गादी होती. तमिळनाडूत आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळलेले असतात आणि आपल्याकडे मागे पडलेली जुनी रूपंही असतात. माझ्या मराठीत इंग्लिश मिसळतं तर माझी टिंगल, आणि त्यांचं मात्र संशोधन!

मग मी लायब्ररीत आणि नेटवर बसले. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलं. त्याचं विमान म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा साधारण २१६ फूट उंच, सगळा ग्रॅनाइटचा. एवढे दगड एवढ्या उंचीवर क्रेनशिवाय कसे चढवले असतील, यावर आमची मेसमध्ये भात गार होईपर्यंत चर्चा झाली. सिव्हिलवाल्यांना एवढं एक कारण पुरेसं होतं. पण मला ओढ वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, मराठीत आणि देवनागरीत! चोळांचे लेख तमिळमध्ये आणि थोड्या अंतरावर हा एवढा मोठा मराठी लेख. तो मला वाचता येईल का, हे तिथे उभं राहूनच बघायचं आहे. अगदी अक्षर-अक्षर लावत, पहिलीच्या पोरासारखं वाचलं तरी चालेल.

याच सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्यात आहे. ताडपत्रं, मराठी हस्तलिखितं, मोडीतले कागद. त्यांच्या काळात तंजावरात छापखानाही चालला आणि १८०६ मध्ये तिथे 'बालबोध मुक्तावळी' छापली गेली. ते काय आहे? तर इसापनीतीचं मराठी भाषांतर! ज्या इसापच्या गोष्टी मला सिस्टर्सनी इंग्लिशमध्ये पाठ करायला लावल्या, त्या तिथल्या मुलांनी इतकी वर्षं आधी मराठीत वाचल्या. (सांबार हे नाव संभाजीवरून आलं अशीही एक गोष्ट सगळे सांगतात, पण पुरावा कोणी दाखवत नाही. कोल्हापूरकरणीला मात्र तेवढीच आवडली.)

शहर मिळालं. आता समुद्र. तंजावर कावेरीच्या खोऱ्यात आहे, किनाऱ्यावर नाही. नकाशावर पूर्वेकडे सरकत गेलं की कुंभकोणम, मयिलाडुतुरै आणि मग तरंगंबाडी. शंभर-एक किलोमीटर, बस बदलत जायचं. 'तरंग' आपल्याच शब्दातला आहे, लाटांचं गाव. इथे १६२० मध्ये चक्क डेन्मार्कचे लोक आले आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या परवानगीने त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला. तो अजून उभा आहे, दारासमोर बंगालचा उपसागर. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग नावाचा जर्मन पाद्री इथे उतरला, तमिळ शिकला आणि बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून घेतला. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव इंग्रजांना विकून टाकलं.

इथवर मला वाटत होतं, की आपण दोन वेगळ्या ट्रिपा दोऱ्याने बांधतोय, शहर माझ्यासाठी आणि समुद्र तिच्यासाठी. मग श्वार्ट्झ सापडला. हाही जर्मन मिशनरी. १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरला, नंतर तंजावरला गेला आणि लहान सरफोजींचा पालक झाला. म्हणजे मराठी राजाच्या हातात इंग्लिश पुस्तकं आली ती याच किनाऱ्यावरून चढलेल्या माणसामुळे. १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेला तेव्हा सरफोजींनी त्याचं संगमरवरी स्मारक लंडनच्या फ्लॅक्समनकडून करून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. थोडक्यात, सरफोजीराजे म्हणजे माझ्यासारखेच कॉन्व्हेंटवाले! हे मी मोठ्याने बोलले तेव्हा तिघींनी उशा फेकून मारल्या.

आता तारखा. नाशिककरीण म्हणत होती डिसेंबर. पण आपला पाऊस जूनचा, त्यांचा ऑक्टोबर ते डिसेंबर. ईशान्य मोसमी वारे, जे आपण भूगोलात दोन मार्कांसाठी पाठ करतो! नोव्हेंबर २०१८ मधलं गजा चक्रीवादळ याच नागपट्टिणमच्या पट्ट्यात आदळलं होतं. मे महिन्यात जावं तर तिथल्या उन्हात दगडावर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. जानेवारीच्या मध्यावर पोंगल, तेव्हा गाड्यांना मुंगी शिरायला जागा नसते. उरला जानेवारीचा पहिला आठवडा. पाऊस सरलेला आणि डेल्टात भात उभा.

खर्चाचा हिशेब आम्ही चार वेळा केला. पहिल्या वेळी थ्री-टियर एसी होतं, एकूण सात हजारांच्या वर. एसी उडालं. मग चेन्नईतलं हॉटेल उडालं. दिवस भटकायचं, सेंट्रलवरून एग्मोरला जायचं आणि रात्रीच्या गाडीने तंजावर. म्हणजे झोपही गाडीत आणि राहण्याचा खर्चही वाचला. तंजावरला दोन रात्री चौघींत एक खोली. तरंगंबाडीला एकच रात्र, पण ती उडवायची नाही, कारण तिथे समुद्र पूर्वेला आहे. सूर्य समुद्रात बुडताना नाही, समुद्रातून वर येताना बघायचा, आणि त्यासाठी पहाटे तिथेच असायला हवं. शेवटच्या हिशेबात चार हजार आठशे आले. बुलढाणेकरणीने कागद घेतला, पुन्हा बेरीज केली आणि म्हणाली, "दोनशे इमर्जन्सीला." झालं, फायनल!

घरची परवानगी हा वेगळाच व्हायवा. बाबांनी पहिला प्रश्न टाकला, "तिकडे सुनामी आली होती ना?" आली होती. २६ डिसेंबर २००४ ला. नागपट्टिणम आणि तरंगंबाडी दोन्ही गावांनी माणसं गमावली. मी ते लपवलं नाही. किनाऱ्यावरचं मासिलामणिनाथर देऊळ समुद्राने पुढच्या बाजूने कसं खाल्लंय, याचे फोटोही त्यांना दाखवले. सातशे वर्षांचं देऊळ आणि त्याला वाचवायला टाकलेले दगड. कोस्टल इंजिनिअरिंगचा यापेक्षा चांगला धडा वर्गात कोण देणार? बाबा बराच वेळ फोटो बघत होते. मग अट घातली, पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही, तिथल्या ओढीला पोहता येणारीही पुरी पडत नाही. मी कबूल केलं. चौघींच्या वतीने.

रिझर्व्हेशन हल्ली साठ दिवस आधी सुरू होतं (आधी एकशेवीस दिवस होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं). त्या दिवशी सकाळी आठला चौघी चार मोबाइल घेऊन बसलो. जातानाची तिकिटं कन्फर्म. परतीची वेटिंगवर, अकरा ते चौदा. रोज सकाळी कोणीतरी पीएनआर बघतं आणि मेसमध्ये आकडा जाहीर करतं. काल सात ते दहा होता.

बुलढाणेकरणीच्या आईने समुद्राचं पाणी मागवलंय. एक बाटली तिने आत्ताच धुऊन, झाकण लावून सॅकमध्ये ठेवली आहे. अजून सबमिशन बाकी आहे, तिचा माझ्याकडून नेलेला ड्रॉइंग बोर्ड परत यायचा आहे, पण बाटली तयार आहे.