शून्य ते शंभर... आणि पुढचे २० किलोमीटर

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतातच. एक टेस्लावाली, दुसरी पोर्शवाली. यातली गाडी एकाच्याही पार्किंगमध्ये नसते, पण आकडे मात्र तोंडपाठ! "मॉडेल एस प्लेड, १.९९ सेकंद!" "टायकान टर्बो जीटी, २.२!" झालं. चहा संपायच्या आत टेस्ला जिंकलेली असते.

पण हे भांडण खरोखर जिथे लढलं गेलं तो रस्ता बघितलाय का? नसेल तर युरोप ट्रिपमध्ये एक दिवस काढाच. जर्मनीत कोलोनच्या दक्षिणेला, गाडीने साधारण सव्वा तासावर, आयफेल नावाचा डोंगराळ भाग आहे. गर्द झाडी, चिमुकली गावं, न्यूरबर्ग गावाच्या डोक्यावर पडका किल्ला. आणि त्या किल्ल्याला वळसा घालून जंगलात घुसणारा २०.८३२ किलोमीटरचा रेस ट्रॅक, नॉर्डश्लाइफे. १९२५ ते १९२७ या काळात या गरीब भागातल्या बेकार हातांना काम मिळावं म्हणून तो बांधला. सत्तरच्या वर वळणं, आणि सगळ्यात खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जवळजवळ ३०० मीटरचा चढ. आपल्या ताम्हिणी घाटाला कुणीतरी वन-वे करून वेगमर्यादा काढून टाकली तर कसं होईल, साधारण तसं! जॅकी स्टुअर्टने याला 'ग्रीन हेल' म्हटलं ते उगाच नाही. १९७६ मध्ये निकी लाउडाची गाडी पेटली ती इथेच, बेर्गवेर्क वळणाच्या जवळ.

तर आपल्या दोन पार्ट्यांची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये पोर्शने नव्या टायकान टर्बोची इथली वेळ जाहीर केली, ७ मिनिटं ४२ सेकंद. इलेक्ट्रिक गाडीला 'टर्बो' नाव दिलं म्हणून इलॉन मस्कने ट्विटरवर टोमणा मारला आणि आपली मॉडेल एससुद्धा न्यूरबर्गरिंगला पाठवली. सप्टेंबर २०२१ मध्ये प्लेडने पूर्ण फेरी ७ मिनिटं ३५.५७९ सेकंदांत मारली. ऑगस्ट २०२२ मध्ये टायकान टर्बो एस आली, ७:३३.३. मग २०२३ मध्ये कार्बन-सिरॅमिक ब्रेक लावलेली प्लेड, ७:२५.२३१. आणि जानेवारी २०२४ मध्ये टायकान टर्बो जीटीची लार्स केर्नच्या हातातली वेळ जाहीर झाली, थेट ७:०७.५५! जवळजवळ १८ सेकंदांचा फरक. या ट्रॅकवर लोक एका सेकंदासाठी वर्षभर डोकं फोडतात.

कॅन्टीनमध्ये जिंकणारी गाडी इथे इतकी मागे कशी?

पहिली गंमत आकड्यांचीच. प्लेडचे १.९९ सेकंद म्हणजे शून्य ते ६० मैल, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. शिवाय त्यात अमेरिकन ड्रॅग स्ट्रिपची जुनी पद्धत आहे. गाडी पहिला एक फूट सरकते तो वेळ मोजायचाच नाही. फूटभर अंतर, पण त्यात पाव सेकंदाच्या आसपास वेळ गळतो. पोर्शचे २.२ म्हणजे पूर्ण शंभर किलोमीटर. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजलं तर १.९९ विरुद्ध २.२ या भांडणात फारसा दम उरत नाही. पोर्शवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करायची गरज नाही हं. २०१९ चे त्यांचे ७:४२ हे २०.६ किलोमीटरचे होते. गेटजवळचा २३२ मीटरचा सरळ तुकडा त्यात धरलेलाच नव्हता, आणि तेवढ्याला प्लेडला साडेचार सेकंदांपेक्षा जास्त लागले होते. आपल्या सोयीचा तुकडा कापायची कला दोन्हीकडे आहे.

दुसरी गंमत रस्ता स्वतःच सांगतो. बेर्गवेर्कपासून केसेलखेनची चढण सुरू होते. ऍक्सिलरेटर तळाला दाबून ठेवायचा आणि चढतच राहायचं. सिग्नलवरून सुटताना दोन सेकंद हजार हॉर्सपॉवर देणं वेगळं आणि सात मिनिटं बॅटरी, मोटर आणि ब्रेक थंड ठेवून देत राहणं वेगळं. यंत्रणा तापली की सॉफ्टवेअर गुपचूप ताकद कमी करतं. टायकानची यंत्रणा ८०० व्होल्टची आहे. तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो, म्हणून वायर कमी तापतात. शिवाय मागच्या चाकांना दोन गिअर. म्हणून आश्चर्य बघा, १०३४ हॉर्सपॉवर ही टायकानची फक्त सुटतानाची चैन. एरवी ताकद ७८९, वर बटण दाबून दहा सेकंदांपुरती थोडी वाढवता येते, बस्स. प्लेडकडे कागदावर १०२०. तरीही वळणावळणावर ती मागे पडली. दोन्ही गाड्या दोन टनांच्या पुढच्या, आणि एवढं धूड फुक्सरोरेच्या उतारावरून खाली आणून पुढच्या वळणाला सावरायचं म्हणजे चेष्टा नाही.

माझं मत विचाराल तर त्या ७:०७ ला मी पूर्ण मार्क देणार नाही. वायझाख पॅकेजवाल्या त्या गाडीत मागची सीटच नाही! आईबाबांना लोणावळ्याला नेता येत नसेल तर कसली सेदान? त्या कसोटीवर मला टर्बो एस आणि २०२१ ची साधी प्लेड यांचीच लढत खरी वाटते, आणि तिथे फरक दोन-सव्वादोन सेकंदांचा आहे. बरं, २०२५ मध्ये शाओमीच्या एसयू७ अल्ट्राने ७:०४.९५७ काढून या दोघांनाही वाकुल्या दाखवल्या. हो, तीच मोबाइलवाली शाओमी.

आता तुमच्यासाठी. ठरलेल्या दिवशी कुणालाही पैसे भरून फेरी मारता येते. २०२४ मध्ये एका फेरीला ३०-३५ युरो पडत होते. तेव्हा हा रस्ता चक्क टोल रोड असतो. वाहतुकीचे नियम लागू, ओव्हरटेक फक्त डावीकडून, स्टॉपवॉच लावायला बंदी. साधी भाड्याची गाडी घालायचा मोह टाळा, करारात सहसा मनाई असते. बॅरिअर वाकवलात तर त्याचं बिल वेगळं येतं, आणि ओल्या वळणावर पाय जरा जोरात पडला की ते दोन सेकंद किती लांब असतात ते कळतं. गावातच ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात, त्या घ्या.

आणि चालवायचं नसेल तर ब्रुनखेनला कुंपणापाशी उभे राहा. पेट्रोलच्या गाड्या दिसायच्या आधी ऐकू येतात. इलेक्ट्रिक येते ती फक्त टायरांची चरचर करत, कॅमेरा वर करेपर्यंत गेलेली असते. जॅकेट मात्र न्या, जुलैतसुद्धा. ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला धो धो पाऊस, हे इथे नेहमीचंच.