सीतापुऱ्यात ऐकलेला हिशोब

कॉलेजात ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचलं, तेव्हापासून म्हाताऱ्या बाईसमोर कुणी रेकॉर्डर घेऊन बसलंय असं कळलं की माझे पाय तिकडे वळतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून काढल्या, त्यांना बोलतं केलं. १९८९मध्ये पुस्तक आलं. त्यामुळे भाचीने फोनवर सांगितलं, “आत्या, आमच्या कॉलेजची पोरं माहिती अधिकाराच्या लढ्यातल्या माणसांशी बोलतायत,” आणि मी जयपूरचं तिकीट काढलं. हवामहल रिक्षातूनच पाहिला.

उतरले सीतापुऱ्यात; ते टोंक रस्त्यावर, सांगानेरच्या पुढे. कारखाने, इंजिनिअरिंग कॉलेजं. लॉजवर रात्रभर ट्रक घरघरत होते, डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी एका कामगाराच्या खोलीत गेलो. त्याची आई ब्यावरकडची, पोरं तिला दादी म्हणत. पोरांनी आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला. दादी ओढणीने मान पुसत बोलत होत्या. दुष्काळी कामावर माती वाहिली, मजुरी ठरल्यापेक्षा कमी हातात आली. विचारलं तर उत्तर एकच: कागदावर पूर्ण लिहिली आहे. कागद मात्र दाखवायचे नाहीत. रोजगार हमीचा हजेरीपट ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ते कागद बघायला मिळावेत म्हणून एप्रिल १९९६मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने ब्यावरच्या चांग गेटपाशी चाळीस दिवस धरणं धरलं. दादी तिथे होत्या. पुढच्या वर्षी जयपुरात त्रेपन्न दिवसांचं झालं. बोलता बोलता दादींनी दोन्ही धरणी एक करून टाकली.

संध्याकाळी इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी नेमकं तेच धरलं. म्हणाले, आठवण हा पुरावा नव्हे, कागद हा पुरावा. मला राग आला. २ डिसेंबर १९९४ला कोट किराणात पहिली जनसुनावणी झाली, तिथे सरकारी कागद चारचौघांत वाचून दाखवले आणि ते खोटे आहेत हे गावकऱ्यांनी तोंडाने सांगितलं. बनावट तर कागदच होता! “पण वाचायला कागद हाती आला म्हणूनच ना?” ते म्हणाले. हे मला मान्य करावं लागलं. लढा त्या कागदासाठीच होता. राजस्थानात २०००मध्ये माहिती अधिकाराचा कायदा झाला, देशात २००५मध्ये. तरी कागद खोटा ठरला तो कुणाच्या बोलण्याने, हे विसरून कसं चालेल?

मला सारखी सकाळ आठवत होती. पोरं उठायला लागली तेव्हा दादी म्हणाल्या, “सुनाओ, क्या भरा है इसमें.” पोरांनी सगळं ऐकवलं. दादी फोनकडे कान करून, डोळे मिटून बसल्या. मध्येच हात वर केला. जावेचं नाव राहिलं होतं. तीही धरण्यावर होती, भाकऱ्या तीच आणायची. ते नाव घातल्याशिवाय त्यांनी पंखा लावू दिला नाही.